चौकोनी बेताचा अंगभर सुती कुर्ता: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

अंगभर, सैल आणि शुद्ध सुती कपडा हवा असेल, तर तयार कपड्यांच्या दुकानात बहुधा एकाच अडचणीची दोन रूपे दिसतात. बाही मनगटापर्यंत असेल तर कापडात पॉलिएस्टर मिसळलेले निघते आणि कापड खरोखर सुती असेल तर गळा खोल, बाही अर्धी किंवा बाजूची चीर कमरेपर्यंत गेलेली असते. असा कुर्ता घरी शिवणे अवघड नाही; मात्र नवशिक्याने सुरुवातीलाच आजच्या शिंप्यांची बेतण्याची पद्धत उचलू नये. अंगासरशी बसणाऱ्या कपड्यात मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते त्या भागाची, वक्र रेषा आणि बाहीचा गोलाकार माथा एकमेकांत बसवावे लागतात, आणि शिवण शिकणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच कंटाळून कापड कपाटात टाकतात. जुन्या पद्धतीचे सदरे आणि कुर्ते बेतताना हा वक्र मुंढाच नसे. अरुंद पन्ह्याच्या (रुंदीच्या) हातमागाच्या कापडातून सरळ पट्टे, काखेत लागणारे दोन चौकोन आणि बाजूला घेर वाढवणाऱ्या निमुळत्या कळ्या एवढेच तुकडे निघत, कापड जवळजवळ वाया जात नसे आणि कपडा आपोआप सैल होई. या लेखात त्याच बेताचा, गुडघ्यापर्यंत लांब आणि पूर्ण बाह्यांचा कुर्ता शिवायचा आहे. स्त्री आणि पुरुष दोघांनाही तो चालतो. फक्त मापे बदलतात.

कापड निवडताना

पहिल्या कुर्त्यासाठी मध्यम जाडीचे, साध्या विणीचे सुती कापड घ्यावे: सुती खादी, हातमागाचे मंगळगिरी, कॅम्ब्रिक किंवा चांगल्या प्रतीचे मांजरपाट. मलमल दिसायला मोहक असते, पण ती कात्रीखाली सरकते आणि अंगही दिसते. रेशीम निसटते, तर जवसाच्या खोडातील धाग्यांपासून होणारे लिनन शिवायला उत्तम असले तरी महाग असल्याने दुसऱ्या किंवा तिसऱ्या कुर्त्यासाठी राखून ठेवलेले बरे.

कापड अंगभर कपड्याला पुरेसे दाट आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा एकच पदर उजेडात धरावा आणि मागे आपला तळहात पसरावा. बोटांमधल्या फटी स्पष्ट मोजता येत असतील तर ते कापड सोडून द्यावे. दुकानदार अशा वेळी अस्तराचा सल्ला देतात, पण पहिल्याच कुर्त्याला अस्तर लावणे म्हणजे काम दुप्पट करणे होय. पांढरे आणि फिके रंग दुकानातल्या दिव्याखाली दाट भासतात आणि उन्हात फसवतात, म्हणून ते दाराशी नेऊन पाहावेत.

कापड नैसर्गिक धाग्याचे आहे का, याबाबत केवळ ‘कॉटन’ या शब्दावर विसंबू नये. खादीच्या दुकानांतही पॉलिएस्टर आणि कापूस यांच्या मिश्र धाग्याचे ‘पॉलिवस्त्र’ अधिकृतपणे विकले जाते, तेव्हा तेथेही स्पष्ट विचारून घ्यावे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी धाग्याचे हातमागावर विणलेले कापड, आणि २०१३ पासून अस्सल खादीवर ‘खादी मार्क’ची खूण असते. विदर्भातील वाचकांना वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडे नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी पाहता येईल. हातमागाचे पण गिरणीच्या सुताचे कापड खादी नसते. त्याने कुर्ता काही वाईट होत नाही, पण खादी म्हणून जास्त पैसे मात्र मोजू नयेत.

घरी आणलेल्या कापडाची खात्री जळणाऱ्या धाग्यावरून करता येते. कापडाच्या कडेतून एक उभा आणि एक आडवा, असे दोन्ही धागे वेगवेगळे काढावेत, कारण ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) कृत्रिम असलेले कापडही बाजारात असते. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावा. कापूस चटकन पेटतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी मऊ, राखाडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो. रेशीम आणि लोकर यांना जळलेल्या केसांचा वास येतो. रेयॉनच्या बाबतीत ही परीक्षा निरुपयोगी ठरते, कारण तेही वनस्पतीच्या लगद्यापासून होत असल्याने कापसासारखेच जळते. तिथे धागा ओला करून ओढून पाहावा. ओला सुती धागा अधिक चिवट होतो आणि ओला रेयॉन सहज तुटतो.

मापे

मापे इंचांत घ्यावीत, कारण आपल्याकडचे शिंपी, टेप आणि कापडाचे पन्हे सगळे इंचांतच चालतात. फक्त लांबी विकत घेताना मीटरचा व्यवहार होतो. चार मापे पुरतात: छातीचा घेर, दंडाचा सर्वांत जाड घेर, खांद्यापासून हवी असलेली लांबी आणि मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, कोपर किंचित वाकवून, मनगटापर्यंतचे अंतर.

समजा, छाती ३६ इंच, दंड १२ इंच, कुर्त्याची लांबी ४२ इंच आणि मणक्यापासून मनगटापर्यंत साडेएकोणतीस इंच आहे. छातीत आठ इंच सैलपणा धरला तर तयार घेर ४४ होतो, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २२ इंच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाईसाठी मिळवला की अंगाचा पट्टा २३ इंच रुंद कापायचा. त्याची लांबी ८६ इंच, कारण पुढे ४२, मागे ४२ आणि दोन्ही टोकांना दुमडीसाठी एकेक इंच. खांद्यावर जोड नसतो, कापड नुसते दुमडलेले असते. बाहीची रुंदी दंडात चार इंच सैलपणा आणि एक इंच शिलाई मिळवून १७ इंच. बाहीच्या लांबीसाठी साडेएकोणतीसमधून अंगाच्या पट्ट्याची निम्मी तयार रुंदी, म्हणजे ११ वजा करावी. साडेअठरा उरतात, त्यांत शिलाई आणि दुमडीचा दीड इंच मिळवून २० इंच होतात. या बेतात बाहीचा जोड खांद्याच्या हाडावर येत नाही, तो दंडावर तीन-चार इंच खाली उतरतो, आणि तसाच तो उतरायला हवा.

या मापांना ४४ इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड लागते. खादीचा पन्हा ३६ इंच असेल तर तीन मीटर घ्यावे आणि बाह्या शेजारी शेजारी, जास्तीच्या लांबीतून काढाव्यात. छाती ४० इंचांहून अधिक असेल तर ४४ पन्ह्याचेही तीन मीटरच घ्यावे. खांद्यावर जोड नसल्यामुळे छापाची दिशा मात्र पाहावी लागते: पुढे सरळ दिसणारी कोयरी किंवा वेल पाठीवर उलटी होते. एकरंगी कापड, उभे पट्टे किंवा कोणत्याही बाजूने सारखी दिसणारी बुट्टी निवडली की हा प्रश्न उरत नाही.

कापण्यापूर्वी

कापड न धुता कापणे हा या कामातला सर्वांत महागडा आळस आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच टक्के सहज आटते, आणि सैल विणीची खादी त्याहूनही जास्त आटू शकते. ४२ इंच लांबीवर पाच टक्के म्हणजे दोन इंचांहून अधिक घट झाली. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालून खळ निघू द्यावी आणि मग पुढे कुर्ता ज्या पद्धतीने धुणार आहात, त्याच पद्धतीने कापड धुवावे. पाण्यात रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळे धूत राहावे. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मुळात नीट न बसलेला रंग मिठाने पक्का होत नाही. कापड सावलीत वाळवून किंचित दमट असतानाच इस्त्री करावी. एवढे झाल्यावर पन्हा पुन्हा मोजावा. ४४ इंचांचा तो बहुधा ४२च्या आसपास आलेला असतो आणि खाली दिलेला बेत त्याच हिशेबाने मांडला आहे.

त्यानंतर कापडाचे टोक सरळ करायचे. दुकानातला कट क्वचितच धाग्याला धरून असतो. टोकाजवळ किनारीला छोटा कातरा मारून एक आडवा धागा पकडावा आणि कापड हळूहळू चुण्या करत तो ओढून काढावा. धागा निघाल्यावर दिसणाऱ्या बारीक रेघेवरून कात्री चालवावी. गिरणीचे घट्ट कापड टर्रकन फाडले तरी चालते, खादी फाडू नये, तिच्या कडा लांबवर विस्कटतात. हे करूनही कापड चौकोनात बसत नसेल तर दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून तिरपे ताणावे. चौकोनी बेतात धागा सरळ नसेल तर दोन धुण्यांनंतर शिवणी अंगाभोवती पिळतात आणि कितीही इस्त्री केली तरी त्या जागेवर येत नाहीत.

बेत

कापडाच्या लांबीच्या दिशेने, एका किनारीला धरून, २३ इंच रुंद आणि ८६ इंच लांब असा अंगाचा पट्टा काढावा. शेजारी सुमारे १९ इंच रुंदीचा लांब पट्टा उरतो. त्याच्या एका टोकाकडून १७ इंच रुंद आणि २० इंच लांब अशा दोन बाह्या एकापुढे एक निघतात आणि मग ४६ इंच लांबीचा तुकडा शिल्लक राहतो. त्यातून ८ इंच रुंद आणि २८ इंच लांब असे दोन आयत शेजारी शेजारी कापावेत. प्रत्येक आयताच्या वरच्या कडेवर डावीकडून एक इंचावर आणि खालच्या कडेवर उजवीकडून एक इंचावर खूण करून दोन्ही खुणा पट्टीने जोडाव्यात आणि त्या तिरप्या रेषेवर कापावे. अशा चार कळ्या मिळतात, प्रत्येकीचे एक टोक एक इंचाचे आणि दुसरे सात इंचांचे. उरलेल्या कापडातून ५ इंचांचे दोन चौकोन काखेसाठी आणि ११ इंच बाय १३ इंचांचा एक तुकडा गळ्याच्या आतल्या पट्टीसाठी काढावा. खिसा हवा असेल तर टोकाला उरलेल्या पट्टीतून तो सहज निघतो.

बाही मनगटापाशी १७ इंच रुंद ठेवली तर स्वयंपाकघरात ती भांड्यात बुडते. म्हणून बाही उभी दुमडावी, मनगटाच्या टोकाला घडीपासून साडेपाच इंचांवर खूण करावी आणि अंगाकडच्या टोकापासून पहिले पाच इंच सरळ सोडून तेथून या खुणेपर्यंत तिरपी रेषा मारून कापावी. ते पहिले पाच इंच सरळ ठेवणे आवश्यक आहे, कारण काखेचा चौकोन तेथेच बसतो. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने खूण करून ठेवावी. एकरंगी सुती कापडात सुलट आणि उलट बाजू सारख्याच दिसतात आणि शिवताना गोंधळ होतो.

शिवण

मशीनला १४ नंबरची सुई, सुती दोरा आणि अडीच मिलिमीटरचा टाका लावावा, म्हणजे इंचाला साधारण दहा टाके पडतात. मशीन नसेल तर हे सगळे हातटीपेनेही शिवता येते. वेळ लागतो, पण शिवण कमी टिकाऊ होत नाही.

सुरुवात गळ्यापासून करावी, कारण या वेळी कापड सपाट असते. अंगाचा पट्टा खांद्यावर आडवा आणि मध्यावर उभा दुमडून दोन्ही घड्या इस्त्रीने उमटवाव्यात. आतल्या पट्टीच्या मध्यावर उभी घडी आणि वरच्या टोकापासून तीन इंचांवर आडवी घडी उमटवून तिच्या उलट बाजूवर गळा आखावा: रुंदी साडेपाच इंच, मागे खोली पाऊण इंच, पुढे अडीच इंच आणि त्याखाली पाच इंचांची चीर. गळा लहान वाटेल, पण मोठा गळा पुन्हा लहान होत नाही. पट्टीच्या बाहेरच्या कडा दुमडून शिवून घ्याव्यात, पट्टी अंगाच्या सुलट बाजूवर सुलट बाजू खाली करून ठेवावी, घड्या जुळवाव्यात, टाचण्या लावाव्यात आणि आखलेल्या रेषेवर बारीक टाक्यांनी शिवावे. चिरेच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी वर अर्धा इंच अंतराने सुरू होऊन खाली टोकाकडे जवळ येतात. टोकाला एक आडवा टाका घ्यावा. शिवल्यानंतरच, शिवणीच्या आत पाव इंच सोडून गळा कापावा, चीर टोकाच्या अगदी एक धागा अलीकडे थांबवावी आणि गोलाईवर शिवणीला न लागता छोटे कातरे मारावेत. पट्टी आत उलटवून इस्त्री करून कडेने दाबटीप (सुलट बाजूवरून मारलेली टीप) मारली की गळा झाला. वरच्या टोकाला एक बटण आणि दोऱ्याचा फास लावला तर चीर उघडी राहत नाही आणि काजे करण्याचे कामही टळते.

आता बाह्या जोडायच्या. बाहीच्या रुंद कडेचा मध्य खांद्याच्या घडीवर ठेवून सुलटावर सुलट अशी टाचावी आणि शिवावी, पण दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच न शिवता सोडावे. हा अर्धा इंच सोडणे म्हणजेच या कुर्त्याचे सगळे कसब. काखेच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत कडांपासून अर्धा इंच आत पेन्सिलीने ठिपका द्यावा आणि कोणतीही शिवण ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच चालवावी.

बाह्या लागल्यावर कुर्ता टेबलावर उघडा पसरावा. समोरच्या बाजूला बाहीची खालची कड आणि अंगाची बाजूची कड यांचा काटकोन दिसेल. चौकोनाचा एक कोपरा त्या काटकोनात बसतो. चौकोनाची एक बाजू बाहीच्या कडेला सुलटावर सुलट लावावी, कोपऱ्यातला ठिपका बाही आणि अंग यांची शिवण जिथे संपली बरोबर तिथे टेकवावा आणि तेथून पुढच्या ठिपक्यापर्यंत शिवावे. सुरुवातीला आणि शेवटी टीप मागे घेऊन पक्की करावी. मग दोरा तोडून, चौकोन फिरवून शेजारची बाजू अंगाच्या कडेला लावावी आणि त्याच ठिपक्यापासून शिवावे. तिन्ही शिवणी एका बिंदूत भेटल्या तर चौकोन सपाट पडतो. चुणी पडलीच, तर एखादी शिवण ठिपक्याच्या पलीकडे गेलेली असते. तेवढे एक-दोन टाके उसवले की चुणी नाहीशी होते. जुन्या चादरीच्या तुकड्यांवर हा कोपरा एकदा शिवून पाहावा, कारण वाचताना तो जितका किचकट वाटतो तितका हातात घेतल्यावर राहत नाही.

कळ्या दोन-दोनच्या जोडीने शिवाव्यात. प्रत्येक कळीला एक सरळ कड असते आणि एक तिरपी. दोन सरळ कडा एकमेकींना जोडाव्यात आणि तिरप्या कडा अंगाच्या सरळ कडांना लावाव्यात. तिरप्या धाग्याची कड ओढली की ताणली जाते. दोन तिरप्या कडा एकत्र आल्या तर कुर्त्याची बाजू महिनाभरात लोंबू लागते, उलट सरळ कडेला शिवलेली तिरपी कड जागेवर राहते. कळीजोडीचे अरुंद टोक खांद्यापासून १६ इंचांवर येईल अशा बेताने ती आधी पुढच्या भागाला जोडावी. कंबरेखाली घेर जास्त हवा असेल, तर कळ्या बेतानाच दोन इंच लांब ठेवून १४ इंचांवर सुरू कराव्यात.

यानंतर कुर्ता उलटा करून खांद्यावर दुमडावा आणि प्रत्येक बाजूची शिवण मनगटापासून खाली घ्यावी: आधी बाहीची शिवण चौकोनाच्या ठिपक्यापर्यंत, मग चौकोनाची तिसरी बाजू मागच्या बाहीला, चौथी बाजू मागच्या अंगाला, त्याखाली चार इंच पुढचे आणि मागचे अंग एकमेकांना, आणि शेवटी कळीची उरलेली कड मागच्या भागाला. प्रत्येक ठिपक्यावर थांबून सुई वर घ्यावी आणि कापड नव्याने लावून पुढे जावे. दोन्ही बाजू झाल्या की कुर्ता अंगात घालून हात वर करून पाहावा. बाही दंडात अडकत नाही आणि खालची कड फारशी वर उचलली जात नाही, हे त्या दोन चौकोनांचे काम आहे.

आतल्या कडा मोकळ्या ठेवल्या तर सुती कापड, विशेषतः खादी, धुण्यात सुटत जाते. बाही आणि अंग यांच्या शिवणीचे दोन्ही पदर अंगाकडे दुमडून वरून दाबटीप मारावी. बाकी ठिकाणी मशीनची नागमोडी शिलाई किंवा कडेवरून हाताने तिरपे टाके पुरतात.

खालची दुमड घाईने करू नये. कुर्ता एक दिवस हँगरला टांगून ठेवावा, म्हणजे कळ्यांचे तिरपे धागे जेवढे खाली यायचे तेवढे येतात. मग तो अंगात घालून दुसऱ्या कुणाकडून जमिनीपासून सारख्या उंचीवर सर्वत्र खुणा करून घ्याव्यात. कळ्यांची टोके अर्धा-पाऊण इंच खाली आलेली दिसतील, तेवढी कापून टाकावीत. कड आधी पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडून, प्रत्येक दुमडीला इस्त्री करून हाताने हेमिंग करावे. कळ्यांच्या जागी दुमडीत थोडे कापड जास्त होते, ते ओढून न बसवता ओलसर इस्त्रीने दाबावे. मनगटाची दुमडही अशीच घालावी, मात्र ती मशीनने शिवावी, कारण तिथला हातटाका कामाच्या धबडग्यात लवकर उसवतो.